घाटरस्त्याचा क्रॉस सेक्शन दरीकडे तुटतो: कॉरिडॉर पुसण्याआधी काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल.

रस्ता डोंगराच्या कडेने जातोय. अलाइनमेंट (रस्त्याची मध्यरेषा) नीट, प्रोफाइल (तिची उभी लेव्हल) नीट, असेंब्ली (रस्त्याच्या आडव्या छेदाचा साचा) तर मागच्या कामावर चाललेलीच उचलली आहे. सिव्हिल थ्रीडी या रस्ता डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉरिडॉर (असेंब्ली मध्यरेषेवरून फिरवून होणारं रस्त्याचं मॉडेल) बांधला की डोंगराकडची बाजू व्यवस्थित येते. दरीकडे मात्र एका चेनेजला (मध्यरेषेवर मोजलेल्या अंतराला) भरावाचा उतार जमिनीपर्यंत पोचतो, पुढच्याला साइडपट्टीच्या कडेलाच संपतो आणि त्याच्या पुढच्याला तीस मीटर लांब कुठेतरी जाऊन टेकतो. प्लॅनमध्ये बघितलं तर भरावाच्या पायथ्याची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये इशाऱ्यांची रांग लागते, सगळ्यांचा अर्थ एकच: टार्गेट सरफेसशी, म्हणजे उताराने जिथे टेकायचं त्या जमिनीच्या मॉडेलशी, छेद मिळाला नाही. रिबिल्ड केलं तरी तेच, असेंब्ली पुसून नव्याने केली तरी तेच.

साताऱ्याच्या पश्चिमेला काम करणाऱ्यांना हे नवं नाही. यवतेश्वर-कास-बामणोलीचा पट्टा, मेढ्याच्या वरचा भाग, पाटणपासून कोयनेकडे आणि पुढे कुंभार्लीकडे, सगळीकडे हाच अनुभव येतो. तीच असेंब्ली कोरेगाव-खटावच्या मोकळ्या रानात लावली की एकही इशारा येत नाही. म्हणून मग कोणीतरी म्हणतं, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे, जुनी व्हर्जन टाकून बघू. बहुतेक वेळा बग नसतो. भरावाची रेषा आणि जमिनीची रेषा या दोन रेषा भेटतच नसतात, किंवा इतक्या लांब भेटतात की तिथपर्यंत आपला सर्वेच नसतो.

आधी कागदावर एक भागाकार

भराव जमिनीला किती लांब टेकेल याचं गणित अगदी सरळ आहे. रस्त्याच्या कडेला भरावाची जितकी उंची, तिला भरावाचा उतार वजा जमिनीचा उतार या फरकाने भागायचं. दोन्ही उतार टक्क्यांत, किंवा मीटरला मीटर.

भराव १ उभा २ आडवा धरला तर त्याचा उतार ५० टक्के. जमीन ५० टक्के किंवा त्याहून जास्त उतरती असेल तर हा भराव कधीच टेकणार नाही. सॉफ्टवेअर कितीही महाग असो, समांतर किंवा फाकत जाणाऱ्या रेषांचा छेद त्याला काढता येत नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) वर्गीकरणात आडवा उतार २५ ते ६० टक्के म्हणजे डोंगराळ भूभाग आणि ६० च्या वर म्हणजे तीव्र डोंगराळ. म्हणजे डोंगराळ म्हणून नोंदलेल्या रस्त्यावरही वरच्या टोकाला १:२ चा भराव निकालात निघतो.

मग १:१.५ करू, असं लगेच सुचतं. त्याचा उतार ६६.७ टक्के. जमीन ६० टक्के असेल तर दर मीटरला जेमतेम ६.७ सेंटिमीटर अंतर मिटतं. कडेला भराव १ मीटर उंच असेल तर तो १५ मीटर लांब जाऊन टेकतो, आणि तोवर १० मीटर खाली उतरलेला असतो. आता ७ मीटर रुंदीचा रस्ता आणि दीड मीटर साइडपट्टी धरा. मध्यरेषेपासून कड ५ मीटरवर आली. सर्वेचा पट्टा मध्यरेषेपासून १५ मीटर घेतलेला असेल तर भरावाला उरले १० मीटर. एवढ्यात कडेची उंची फार तर ६६ सेंटिमीटर चालते. त्याच्या वरचा प्रत्येक सेक्शन पट्ट्याबाहेर जाऊन हवेत लटकणार.

करवतीच्या दातांचं कारणही याच भागाकारात आहे. कडेची उंची १ मीटरच ठेवा आणि जमिनीचा उतार थोडा हलवून बघा. ५५ टक्क्यांना भराव ८.६ मीटरवर टेकतो, ६० ला १५ वर, ६५ ला थेट ६० मीटरवर. दोन लागोपाठच्या चेनेजमध्ये जमिनीचा उतार एवढा बदलणं घाटात रोजचं आहे. सर्वेचे बिंदू जोडून सरफेसचे त्रिकोण होतात, त्यातल्या एकाचा एक बिंदू चुकला तरी एवढा फरक पडतो. पायथ्याची रेषा उड्या मारते, कारण दोन्ही रेषा जवळपास समांतर आहेत आणि अशा ठिकाणी कुठलीही लहान चूक पंधरापट होऊन बाहेर येते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

दोष जमिनीचा की टार्गेटचा, हे ठरवणारी चाचणी

असेंब्लीची एक कॉपी करा आणि तिच्यातल्या डेलाइटचा (रस्त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतचा उतार काढणारा भाग) भरावाचा उतार तात्पुरता ०.५:१ करा, सॉफ्टवेअरच्या पद्धतीने, म्हणजे अर्धा आडवा एक उभा. असा भराव कोणी बांधत नाही, ही फक्त चाचणी आहे. ०.५:१ म्हणजे २०० टक्के, तेव्हा साताऱ्यातल्या बहुतेक उतारांना तो चार-दोन मीटरांत भेटायलाच हवा. रिबिल्ड करा.

सगळे सेक्शन टेकले तर टार्गेट बरोबर लागलेलं आहे, सरफेस बरोबर आहे, आणि प्रश्न फक्त भूमितीचा आहे. मग असेंब्लीत खुडबुड थांबवा. ०.५:१ लाही काही सेक्शन टेकले नाहीत तर त्या चेनेजला खरोखर टार्गेट नाही किंवा सरफेसला भोक आहे.

टार्गेटच्या बाबतीत नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे रीजन, कॉरिडॉरचा चेनेजनुसार पाडलेला तुकडा. टार्गेट मॅपिंग प्रत्येक रीजनचं वेगळं असतं. मधे नवा रीजन जोडला, खिडकी उघडली आणि आपण न बघता ओके दाबलं की त्या तुकड्याचं टार्गेट ‘नन’ राहतं. दुसरी गोष्ट डेटा शॉर्टकटची. मूळ जमिनीचा सरफेस दुसऱ्या फाइलमधून आणला असेल आणि कोणी फोल्डरचं नाव बदललं, तर संदर्भ तुटतो आणि कॉरिडॉर टार्गेटशिवाय उभा राहतो. या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत कळतात. त्यावर अर्धा दिवस घालवू नका.

एक गोष्ट सवयीची. आपल्या ड्रॉइंगवर आपण १:२ लिहितो आणि मनात उभा-आडवा धरतो. सॉफ्टवेअरच्या खिडकीत पहिला आकडा आडव्याचा असतो. तिथे ०.५:१ म्हणजे उभट कटिंग आणि २:१ म्हणजे साधा भराव. कटिंगला चुकून २:१ भरलं तर डोंगराकडचा सेक्शन वरच्या वस्तीपर्यंत चढत जातो. हे लगेच दिसतं म्हणून त्याचा त्रास कमी. भरावाला ०.५:१ राहून गेलं तर सेक्शन छान आखीव दिसतो आणि कोणी बोट ठेवत नाही. ते जास्त वाईट.

डीफॉल्ट डेलाइट घाटात चालत नाही

‘डेलाइट स्टँडर्ड’ हा सबअसेंब्ली (असेंब्लीचा तयार सुटा भाग) बहुतेकांच्या असेंब्लीत असतो, कारण शिकताना तोच पहिला भेटतो. त्यात सपाट, मध्यम आणि उभा असे तीन उतार असतात, डीफॉल्टला ६:१, ४:१ आणि २:१, आणि प्रत्येकाला उंचीची मर्यादा. भराव कमी उंच असेल तर ६:१, थोडा वाढला की ४:१, आणखी वाढला की २:१. रुंद आणि सपाट महामार्गावर, जिथे वाट चुकलेली गाडी उतारावरून सावकाश खाली यावी अशी अपेक्षा असते, तिथे हे शहाणपणाचं आहे. घाटात मात्र ४:१ म्हणजे २५ टक्के, आणि डोंगराळ भूभाग सुरूच २५ टक्क्यांना होतो. म्हणजे पहिले दोन उतार जन्मतः निरुपयोगी.

त्यात उंचीच्या मर्यादेपाशी उतार एकदम बदलतो. एका सेक्शनला ४:१, पाच मीटर पुढे २:१. पायथा झटक्यात आत येतो, मग पुन्हा बाहेर जातो. करवतीचा निम्मा भाग इथून येतो. तिन्ही उतार एकच भरा, किंवा असा सबअसेंब्ली घ्या ज्यात भरावाचा एक आणि कटिंगचा एक, इतकेच उतार असतात.

‘डेलाइट मॅक्स विड्थ’ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण अडलेला माणूस शेवटी त्याच्याकडेच वळतो. त्यात आपण कमाल रुंदी देतो. ठरलेला उतार त्या रुंदीत बसला तर ठीक, नाहीतर तो उतारच उभा करून बसवतो. इशारे गायब होतात, पायथ्याची रेषा गुळगुळीत होते, शीट सुंदर निघते. आणि आत कुठेतरी मुरमाचा भराव ०.८:१ ने उभा राहिलेला असतो. महाबळेश्वरच्या पावसात तो किती दिवस उभा राहील, ते तुम्हीच ठरवा. वापरायचाच असेल तर प्रत्येक सेक्शनवर उताराचं लेबल लावा, म्हणजे कुठे त्याने स्वतःच्या मनाने उतार बदलला ते तपासणाऱ्याला दिसेल.

जमीन म्हणून आपण काय दिलंय?

भूमितीचा हिशोब समांतर रेषांचा असल्यामुळे सर्वेची अचूकता इथे सपाट रस्त्यापेक्षा फार जास्त लागते.

ड्रोनने फोटो काढून केलेला सर्वे झाडाझुडपांचा माथा मोजतो. कास-बामणोलीच्या बाजूला उतारांवर कारवी असते, माणसाच्या उंचीची, काही ठिकाणी त्याहून वर. तिच्या माथ्याचे बिंदू जमीन म्हणून आले की दरीकडची जमीन दीड-दोन मीटर वर सरकते. कॉम्प्युटरवर भराव पटकन टेकतो, सगळे खूश. साइटवर आखणी केली की पायथा सापडतच नाही. वरच्या हिशोबात दीड मीटरचा फरक म्हणजे पायथ्यात वीस-बावीस मीटरचा फरक. लायडार (लेसरने केलेली मोजणी) थोडाफार पानांतून खाली पोचतो, पण दाट कारवीत त्याचेही खालचे बिंदू विरळ असतात. उपाय जुनाच: दरीकडे ठरावीक अंतरावर टोटल स्टेशन किंवा जीएनएसएसने (उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र) चालत जाऊन सेक्शनचे बिंदू घ्यायचे आणि ड्रोनच्या सरफेसवर तपासायचे. फरक एकाच बाजूला आणि सारखा असेल तर झाडी, कधी वर कधी खाली असेल तर काहीतरी वेगळं.

ब्रेकलाइन नसणं हा दुसरा रोग. रस्त्याची कड, गटाराचा तळ, जुन्या दगडी भिंतीचा माथा आणि पाया या रेषा सरफेसमध्ये नसतील तर त्रिकोण मनाला येईल तसे बांधले जातात आणि एक त्रिकोण थेट डोंगरापासून दरीपर्यंत ताणलेला निघतो. त्या जागी जमिनीचा उतार खोटा. सरफेसच्या प्रॉपर्टीत त्रिकोणाच्या बाजूची कमाल लांबी घातली की असे लांबट त्रिकोण निघून जातात, पण नंतर तिथे भोकं पडतात आणि डेलाइट त्या भोकांत तुटतो. म्हणून आधी ब्रेकलाइन, मग लांबीची मर्यादा. उलट्या क्रमाने केलं की एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

जुना टोटल स्टेशनचा सर्वे आणि नवा जीएनएसएसचा एकत्र करत असाल तर उंची कुठल्या पायाने आहे ते पहिल्यांदा विचारा. जीएनएसएस मूळात एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतं. आपल्या भागात ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत ६० मीटरहून जास्त फरक आहे. पूर्ण सर्वे एकाच पायाचा असेल तर निदान सेक्शन आपसांत जुळतात. अर्धा इकडचा अर्धा तिकडचा असेल तर जोडावर कडाच उभा राहतो, आणि तो दिसतो तरी. खरा धोका असतो तो कोणीतरी अंदाजाने दुरुस्ती केल्यावर उरलेल्या ३०-४० सेंटिमीटरचा. तो नजरेला दिसत नाही आणि पायथा पाच-सहा मीटर हलवतो.

सरफेसच्या ॲनालिसिसमध्ये उताराचे पट्टे लावून बघा. पट्टे तयार रंगांचे न ठेवता २५, ५० आणि ६६ टक्क्यांवर स्वतः तोडा. ५० च्या वरचा रंग जिथे अलाइनमेंटच्या दरीकडच्या बाजूला चिकटलेला दिसेल, तिथे १:२ चा भराव विसरा. ६६ च्या वर भरावच विसरा. कॉरिडॉर बांधायच्या आधी हे चित्र बघितलं तर निम्मे इशारे येण्याआधीच कळतात.

मग करायचं काय

तीन मार्ग आहेत. बहुतेक ठिकाणी पहिले दोन मिळून वापरावे लागतात.

पहिला, अलाइनमेंट डोंगराकडे सरकवणं. जमीन ६० टक्के असेल तर १ मीटर आत सरकल्यावर दरीकडच्या कडेची उंची ६० सेंटिमीटरने कमी होते आणि १:१.५ चा पायथा कडेच्या ९ मीटर जवळ येतो. बदल्यात डोंगराकडचं कटिंग ०.५:१ ने धरलं तर त्याची उंची साधारण ८६ सेंटिमीटरने वाढते. आकडे बघून कोणीही म्हणेल, सरकवा. पण कटिंग फुकट नसतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या, तो भाग याच डोंगररांगांतला. वरचा थर सुटा आणि पाण्याने भिजणारा असेल तर उताराचा पाया कापायच्या आधी भूगर्भाची माहिती असणाऱ्याला विचारावं. शिवाय वर वनजमीन असेल तर एक मीटर म्हणजे कागदपत्रांचं वेगळं प्रकरण.

दुसरा, दरीकडे रिटेनिंग वॉल. इथे बरेच जण कंडिशनल सबअसेंब्ली वापरतात: भराव अमुक उंचीच्या वर गेला की भिंत, नाहीतर उतार. दिसायला हुशारी आहे. घाटात मात्र प्रत्येक सेक्शनला निर्णय बदलतो. पाच मीटर भिंत, दहा मीटर उतार, पुन्हा पाच मीटर भिंत. अशी तुकड्यातुकड्याची भिंत कोणी बांधत नाही, आणि शाखा अभियंता ते शीट बघून पहिला प्रश्न तोच विचारेल. माझं मत: कंडिशनलचा उपयोग फक्त भिंत कुठे लागेल ते शोधायला करा. मग त्या चेनेजवरून हाताने रीजन पाडा, भिंतीचा रीजन सलग ठेवा, दोन्ही टोकांना पाच-दहा मीटर जास्त घ्या आणि टोक नाल्यापाशी किंवा कठीण खडकापाशी संपवा.

भिंतीचा दर्शनी भाग अगदी उभा दाखवू नका. सरफेस हा त्रिकोणांचा असतो आणि एकाच जागी त्याला दोन उंच्या ठेवता येत नाहीत. माथा आणि पाया यांत एक-दोन मिलिमीटर तरी आडवं अंतर ठेवा, नाहीतर टॉप सरफेसमध्ये भिंतीच्या रेषेवर टोकदार सुळके निघतात.

तिसरा मार्ग, भरावाला पायऱ्या. जमिनीला पायऱ्या कापून त्यावर थर चढवायचे. हा कॉरिडॉरच्या सेक्शनमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे पायऱ्यांची खोदाई परिमाणात धरायची राहून जाते आणि नंतर मोजमाप पुस्तकावर वाद होतो. सेक्शनमध्ये दाखवा किंवा वेगळा हिशोब जोडा, पण जोडा.

वळणं, सुपरएलिव्हेशन आणि हेअरपिन

आयआरसीच्या सूत्राने सुपरएलिव्हेशन (वळणावर रस्त्याला दिलेला आडवा कल) म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २२५ गुणिले त्रिज्या. ताशी ३० किलोमीटर आणि ५० मीटर त्रिज्येला ८ टक्के येतं. डोंगराळ भागात, बर्फ पडत नसेल तर, १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. सपाट भागातली ७ टक्क्यांची मर्यादा इथे लागू नाही. सिव्हिल थ्रीडीने स्वतःहून घेतलेली निकषांची फाइल अमेरिकी असते, तेव्हा तिथून आलेले आकडे हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या पोस्टपुरता मुद्दा एवढाच की १० टक्के सुपरएलिव्हेशनने ३.५ मीटरवरची बाहेरची कड मध्यरेषेपेक्षा ३५ सेंटिमीटर वर जाते. वळणाची बाहेरची बाजू दरीकडे असेल, सोंडेवरून वळताना ती असतेच, तर ६० टक्के जमिनीवर १:१.५ चा पायथा पाच मीटरहून जास्त बाहेर सरकतो. सरळ भागात सेक्शन टेकतो आणि वळणावर तुटतो, त्याचं कारण बहुधा हे. वळणावरची जादा रुंदी घाटात आतल्या बाजूला देतात. तिचं टार्गेट असलेली ऑफसेट अलाइनमेंट रीजनच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचते ना, ते बघा. मधेच संपली तर तिथे कड एकदम आत उडी मारते.

हेअरपिनची, म्हणजे जवळपास उलटं फिरणाऱ्या वळणाची, दुखणी तीन. आतल्या कडेची किमान त्रिज्या १४ मीटर धरली तर मध्यरेषेची साधारण १८ येते. १८० अंशांत मध्यरेषेची लांबी ५६-५७ मीटर. कॉरिडॉरची फ्रिक्वेन्सी (दोन सेक्शनमधलं अंतर) २० मीटर ठेवलीत तर अख्ख्या वळणात जेमतेम तीन सेक्शन येतात, आणि दोन सेक्शनमधली सरळ रेषा खऱ्या वळणापासून पावणेतीन मीटर आत जाते. म्हणजे मॉडेलमधला रस्ता वळतच नाही, कोपऱ्यांनी जातो. ५ मीटरला हा फरक १७ सेंटिमीटरवर येतो, २ मीटरला ३ च्या आत. वळणांवर ५ आणि हेअरपिनवर २ ठेवा. फाइल जड होते, चालेल.

दुसरं, आतल्या बाजूला सेक्शन एकमेकांना छेदतात. त्रिज्या १८ आणि आतला उतार मध्यरेषेपासून २२ मीटरपर्यंत गेला की सगळे सेक्शन वर्तुळाच्या केंद्रापाशी गुंततात. यालाच बोटाय म्हणतात. नव्या व्हर्जनमध्ये तो साफ करायची सोय आहे आणि साध्या जागी ती चालते. हेअरपिनवर मात्र मी आतल्या बाजूचा डेलाइट काढूनच टाकतो, साइडपट्टीची फीचर लाइन (कडेची उंचीसह रेषा) घेतो आणि आतला भाग ग्रेडिंगने वेगळा करतो. हाताने काम जास्त, पण परिमाण खरं येतं.

तिसरं जास्त फसवं आहे. हेअरपिनच्या वरच्या फाट्याचा भराव खालच्या फाट्याच्या रस्त्यावर येऊन पडतो. पसरणीसारख्या घाटात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकाच उतारावर असतात. कॉरिडॉरचं टार्गेट मूळ जमीन असल्यामुळे त्याला खाली नवा रस्ता होणार हे माहीतच नसतं. म्हणून दोन्ही फाटे वेगळे बांधा. आधी खालचा. त्याचा सरफेस मूळ जमिनीवर पेस्ट करून एकत्रित सरफेस करा आणि वरच्या फाट्याला तो टार्गेट म्हणून द्या. मग भराव खालच्या कटिंगवर कुठे टेकतो ते खरं दिसतं, आणि बहुतेक वेळा तिथे भिंतच लागते हेही दिसतं.

सेक्शन बरोबर, परिमाण चूक

कॉरिडॉर ठीक झाल्यावरही खोदाई-भरावाचे आकडे वेडेवाकडे येत असतील तर आधी डेटम सरफेसची (रस्त्याच्या थरांच्या तळाच्या सरफेसची) सीमा बघा. कॉरिडॉर एक्सटेंट्स ही बाहेरची सीमा म्हणून लावली नसेल तर हेअरपिनच्या दोन फाट्यांमधला मोकळा डोंगरही त्रिकोणांनी भरून जातो. त्यानंतर ओव्हरहँग करेक्शन: डेटमला बॉटम लिंक्स, टॉपला टॉप लिंक्स. उलटं किंवा काहीच नसेल तर थरांच्या टोकांशी सरफेस वर-खाली उड्या मारतो.

सॅम्पल लाइन (सेक्शन शीट जिथून काढायची त्या आडव्या रेषा) कॉरिडॉरच्या स्टेशनांवरूनच घ्या. आपण फ्रिक्वेन्सी १० ठेवतो, सॅम्पल लाइन २० च्या पटीत हव्यात म्हणून हाताने टाकतो, आणि मधे वळणाचा आरंभबिंदू ३/४२३.६७ असा येऊन सगळं घसरतं. जिथे कॉरिडॉरचा सेक्शन नाही तिथली शीट भरवशाची नसते. शिवाय सॅम्पल लाइनची रुंदी पायथ्यापेक्षा कमी असेल तर सेक्शन शीटवर कापला जातो आणि कॉरिडॉर पुन्हा तुटला असं वाटतं. त्याने एकदा तरी प्रत्येकाचा वेळ घेतलेला असतो.

सांगलीकडचा उलटा प्रकार

वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात जमीन इतकी सपाट की वरचं सगळं गणित बाद. तिथे त्रास वेगळा. रस्त्याची लेव्हल आणि जमिनीची लेव्हल यांत थोडाच फरक असतो, त्यामुळे डेलाइट एका सेक्शनला कटिंग समजतं आणि पुढच्याला भराव. कटिंगला गटार जोडलेलं असतं, भरावाला नसतं. परिणामी गटार दहा मीटर आहे, दहा मीटर नाही, पुन्हा आहे.

गटार डेलाइटच्या निर्णयावर सोडू नका. साइडपट्टीनंतर ते असेंब्लीत कायमचं ठेवा आणि डेलाइट गटाराच्या बाहेरच्या कडेला जोडा. गटाराच्या तळाला स्वतंत्र प्रोफाइलचं टार्गेट द्या. रस्ता सपाट आहे म्हणून गटारही रस्त्याला समांतर ठेवलं तर त्याला उतारच मिळत नाही. आयआरसी बांधीव गटाराला किमान ०.५ टक्के आणि कच्च्याला १ टक्का सांगतं. सांगलीच्या सपाटीत १ टक्का म्हणजे शंभर मीटरला एक मीटर खोल, तेव्हा पाणी नेऊन सोडायची जागा, ओढा असो की मोरी, आधी शोधावी लागते आणि प्रोफाइल तिथून उलटं ओढत आणावं लागतं.

आणि ऊस. उभ्या उसावरून ड्रोन उडवला की उसाचे शेंडे जमीन म्हणून येतात, तीन मीटर वर. मग सपाट रानात कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी तीन मीटर खोल कटिंग दाखवतो, रस्त्याच्या जागी कालवाच. शेजारचं रान खोडव्याचं किंवा तुटलेलं असेल तर तिथे एकदम शून्यावर येतो, त्यामुळे शेताच्या बांधाबांधाला कटिंग बदलतं. अशा सेक्शनमध्ये कटिंगची उंची बांधापाशी बदलते का, हे आधी बघा. बदलत असेल तर रस्त्याच्या हद्दीतल्या जमिनीचे बिंदू टोटल स्टेशनने बांधावरून आणि चालत जाता येईल तिथून पुन्हा घ्या, किंवा गाळपाचा हंगाम संपून रानं मोकळी होईपर्यंत त्या तुकड्याचे सेक्शन ‘तात्पुरते’ असा शिक्का मारूनच पाठवा.